जमीन करणाऱ्याचे नाव: मदतीचे नवे निकष लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मदत व पुनर्वसन विभाग, महाराष्ट्र शासन,
आणि
आपत्ती मदतीचे निकष ठरवणारे केंद्रीय गृह मंत्रालयातील अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सीना नदीच्या काठावरच्या एका गावात राहते. शेती करते, म्हशी-शेळ्या पाळते आणि उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून शिकून गावात पशुसखी म्हणून, म्हणजे जनावरांची प्राथमिक देखभाल सांगणारी बाई म्हणून, काम करते. माझ्या नुकसानीचा अर्ज मी रीतसर दिलेला आहे, त्याची पोच माझ्याकडे आहे. त्या अर्जासाठी हे पत्र नाही. २०२५ च्या पुराचे पंचनामे ज्या निकषांवर झाले ते केंद्राने २०२२ साली काढले, मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची. पुढचे निकष कुणीतरी लिहील. ते लिहिताना, ज्यांचा पीक विमा नाही आणि ज्यांचं नाव सातबाऱ्यावरही नाही, अशा माणसांबद्दल चार गोष्टी तुमच्यासमोर असाव्यात म्हणून लिहिते आहे.

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार. त्या दिवशी घटस्थापना होती. परडीत काळी माती घालून धान्य पेरलं, घट मांडला, माळ बांधली. पाऊस दोन दिवसांपासून हटतच नव्हता. रात्री साडेबाराच्या सुमारास शेळ्यांचा आवाज बदलला. शेळ्यांबरोबर राहणाऱ्या बाईला भुकेचं ओरडणं आणि भीतीचं ओरडणं यांतला फरक कळतो. बॅटरी घेऊन बाहेर आले तर गोठ्यात गुडघाभर पाणी. मी आणि माझ्या मुलीनं तीन शेळ्या उचलून धाब्याच्या घरावर चढवल्या. म्हशींची दावी कापली. पाणी छातीला लागलं तेव्हा मुलगी म्हणाली, आई, आता वर ये. मी वर आले. दोन म्हशी आणि सहा शेळ्या खाली राहिल्या.

सकाळी उजाडलं तेव्हा रान दिसत नव्हतं, फक्त पाणी दिसत होतं. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. चार एकर सोयाबीन, शेंगा भरलेलं, आठ-दहा दिवसांत काढणीला येणारं, चिखलात झोपलेलं होतं. आमच्या घरची सव्वादोन एकर जमीन नदीला लागून आहे, तिथली माती खरडून गेली, खालचा मुरूम उघडा पडला. एक म्हैस दीड-दोन किलोमीटर खाली बाभळीच्या जाळीत अडकलेली सापडली. दुसरी सापडली नाही. शेळ्या तर एकही नाही.

ती चार एकर माझी नाही. ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या भाड्यानं, घेतलेली आहे. मालक पुण्यात नोकरीला असतात. पाडव्याला एकरी बारा हजारांप्रमाणे अठ्ठेचाळीस हजार रुपये मी त्यांना मोजून दिले. त्यानंतर त्या रानात जे काही गेलं ते माझं गेलं: नांगरट, मोगडा आणि पेरणी मिळून एकरी साडेचार हजार, बियाण्याची बॅग तीन हजार, खत अठ्ठावीसशे, तणनाशक आणि फवारण्या साडेतीन हजार, खुरपणी-कोळपणी तीन हजार. ठोका धरून एकरी अठ्ठावीस हजार आठशे. चार एकरांचे एक लाख पंधरा हजार दोनशे. बचत गटाचं कर्ज आणि एक बोकड विकून आलेले पैसे त्यात आहेत. हे आकडे माझ्या वहीतले आहेत, कुणीही येऊन पाहावेत.

पंचनामा झाला. आलेल्या लोकांबद्दल माझी तक्रार नाही. गावात तीनशेच्या वर खातेदार, माणसं तीन, आणि वर चिखल. त्यांनी रान पाहिलं, फोटो काढला, गट नंबर विचारला आणि खातेदाराचं नाव लिहिलं. मी म्हणाले, पीक माझं आहे. ते म्हणाले, ताई, आम्हाला माहीत आहे, पण यादीत नाव सातबाऱ्यावरचंच जातं.

नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. म्हणून नियम लिहिणाऱ्यांना हे पत्र.

कोरडवाहू पिकाला केंद्राच्या २०२२ च्या निकषांत हेक्टरी ८,५०० रुपये होते. ७ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारनं ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं, त्यात रब्बीच्या बियाण्यासाठी आणि इतर खर्चासाठी हेक्टरी १०,००० रुपयांची भर घातली आणि मदतीची मर्यादा दोन हेक्टरांवरून तीन हेक्टरांवर नेली. त्याबद्दल मनापासून आभार. आमच्या भागात त्या पैशांवर हरभरा-ज्वारी पेरलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. माझ्या चार एकरांचे, म्हणजे १ हेक्टर ६० आरचे, १३,६०० आणि १६,००० असे मिळून २९,६०० रुपये होतात. ते मालकाच्या खात्याचे आहेत. यातला पहिला हप्ता त्यांच्या खात्यावर जमा झाला तेव्हा त्यांनी मला फोन केला, "वहिनी, हे पैसे तुमचे आहेत," आणि त्याच संध्याकाळी पाठवून दिले. अशी माणसं आहेत. आमच्याच बचत गटातल्या दुसऱ्या बाईचा जमीनमालक मात्र म्हणाला, जमीन माझी, नुकसान जमिनीचं, तुझा माझा व्यवहार पाडव्यालाच संपला. तिनं काय करावं? तिच्या हातात एक कागद नाही. भांडायला गेली तर पुढच्या वर्षी रान मिळणार नाही. सरकारची मदत कुणाच्या पदरात पडणार हे जर मालक कोणत्या स्वभावाचा आहे यावर ठरत असेल, तर त्या मदतीत सरकारचं काय उरलं?

आता विम्याविषयी. कारण गावोगाव एक वाक्य ऐकू येतं, आणि ते वरून खाली आलेलं आहे: विमा काढला असता तर ही वेळ आली नसती.

मी विमा का काढला नाही? २०२३ आणि २०२४ च्या खरिपात एक रुपयात विमा होता. त्यात बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला, गायरानावर आणि देवस्थानच्या जमिनीवरसुद्धा विमे उतरवले गेले, आणि २०२५ च्या खरिपापासून ती योजना बंद झाली. चोरी करणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण त्याच बदलात आणखी एक गोष्ट झाली, तिची चर्चा फार कमी झाली. आधी रानात पाणी साचलं, काढून ठेवलेल्या पिकावर पाऊस पडला, हंगामाच्या मध्येच पीक हातचं गेलं, पेरणीच होऊ शकली नाही, तर त्या त्या कारणानं भरपाई मागता येत होती. ७२ तासांत कळवायचं, मग कुणीतरी पाहायला यायचं. ते सगळं निघून गेलं. आता फक्त पीक कापणी प्रयोग. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, ठरलेल्या ठिकाणी पीक कापून वजन करायचं आणि मंडळाचं सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या (आधीच्या वर्षांवरून ठरवलेल्या पातळीच्या) खाली गेलं तरच मंडळातल्या सगळ्यांना भरपाई. नदीकाठच्या वीस गटांतलं सोयाबीन वाहून गेलं आणि माळावरचं टिकलं, तर सरासरीत आमचं बुडणं दिसतच नाही. ज्या वर्षी पुरानं आजवरचे अंदाज मोडले, त्याच वर्षी पुराच्या नुकसानीसाठी स्वतंत्र दाद मागण्याची सोय उरली नव्हती. केंद्रानं पुढे, २०२६ च्या खरिपापासून, भात पाण्याखाली जाणं आणि वन्य प्राण्यांचं नुकसान विम्यात घ्यायचं जाहीर केलं आहे. आमच्याकडे भात नाही. सोयाबीनही पाण्याखाली गेलं की मरतं.

तरीही मी हप्ता भरायला तयार होते. खरिपात शेतकऱ्याचा वाटा विमा रकमेच्या दोन टक्के. चार एकरांचा तो हप्ता एका फवारणीपेक्षा कमी आहे. अडलं ते हप्त्यापाशी नाही. ठोक्यानं करणाऱ्याला विमा काढायचा तर नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. मी मालकांना विचारलं. पैसे परत पाठवणारे हेच भले गृहस्थ, पण नोंदणीचं नाव काढल्यावर गप्प झाले. त्यांच्या वडिलांच्या काळात कूळ लागून, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागून, दोन भावांची जमीन गेली होती. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा कूळ कायदा, मराठवाड्यात १९५० चा. या कायद्यांनी लाखो कसणाऱ्यांना जमिनी दिल्या, त्यांच्याबद्दल वाईट बोलण्याची माझी लायकी नाही. पण त्यांची भीती अजून मालकांच्या मनात आहे, म्हणून आजचा ठोका आणि आजची बटई (पिकाच्या वाट्यावर रान करणं) तोंडी चालते. कागद नाही म्हणून विमा नाही. विमा नाही म्हणून पॅकेजमधलं विम्याचं जे मिळेल ते नाही.

त्या पॅकेजची घोषणा मी पूर्ण ऐकली. कोरडवाहू शेतकऱ्याला हेक्टरी पस्तीस हजारांच्या घरात मिळतील असं सांगितलं गेलं. त्यातले १७,००० विम्यातून येणार होते, ज्यांनी विमा उतरवला आहे त्यांना. म्हणजे जवळजवळ अर्धी रक्कम. विमा हा हप्ता भरून घेतलेला हक्क आहे. आपत्तीची मदत ही सरकारनं संकटात दिलेला हात आहे. या दोन रकमा एका बेरजेत मांडल्या की ऐकणाऱ्याला वाटतं, सगळ्यांना पस्तीस हजार मिळाले. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी मला फोन करून विचारलं, "मिळाले ना पैसे?" काय सांगणार? पुढच्या वेळी घोषणा करताना विम्याची रक्कम मदतीच्या बेरजेत धरू नका, एवढी विनंती निकषांच्या पहिल्या पानावर लिहिण्यासारखी आहे.

आणि विमा नसलेल्यांत मी एकटी नाही. सगळ्या पिकांना विमाच नाही. खरिपात आमच्याकडे ज्वारी, बाजरी, मका, तूर, मूग, उडीद, सोयाबीन, भुईमूग, कापूस, कांदा यांचा विमा निघतो. उसाचा निघत नाही. भेंडी-वांगी-दोडक्याचा निघत नाही. दसऱ्यासाठी लावलेला झेंडू वाहून गेला, त्याचा निघत नाही. लसूणघास आणि गजराज या चाऱ्याचा, रेशमासाठी लावलेल्या तुतीचा निघत नाही. ज्याच्या घरी चार म्हशी आहेत त्याचं अर्धं रान चाऱ्याचं असतं, तो विम्याच्या दृष्टीनं शेतकरीच नाही. त्याच्याकडची कडब्याची गंजी वाहून गेली तर ती पंचनाम्याच्या कोणत्या ओळीत लिहायची, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

आमच्या घरच्या सव्वादोन एकरांचं वेगळंच. जमीन सासऱ्यांच्या नावावर. सासरे गेले, नंतर तीन वर्षांपूर्वी माझे पतीही गेले. २०२५ च्या एप्रिलपासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली, मृत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची. चांगली मोहीम आहे. मी पहिल्याच आठवड्यात मृत्यूचे दाखले घेऊन गेले होते. पण वारसांत दोन दीर आणि एक नणंद आहे, एक दीर सही करायला येत नाहीत, आणि फेरफार अडकलेला आहे. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतचं काम जाहीर झालं. मुरुमावर माती टाकायची तर ते पैसे आत्ता हवेत, या उन्हाळ्यात. मयत माणसाच्या खात्यावर ते येत नाहीत आणि जिवंत बाईचं खातं त्या जमिनीला जोडलेलं नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली होती, जमीन बायकोच्या नावावर करा म्हणून, त्याला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आमच्या गटातल्या बारा जणींपैकी दोघींचं नाव सातबाऱ्यावर आहे.

माझ्याकडे सासऱ्यांनी जपून ठेवलेले जुने सातबारे आहेत. हातानं लिहिलेले, निळ्या शाईचे, घडीवर फाटलेले. वारसाच्या कामासाठी ते बाहेर काढले तेव्हा मी ते नीट वाचले. वर गाव नमुना सात, कोण मालक, किती क्षेत्र, काय आकार. खाली नमुना बारा, कोणत्या वर्षी कोणतं पीक. आणि त्या खालच्या भागात रकाना आहे: 'जमीन करणाऱ्याचे नाव'. त्याच्याजवळ 'रीत'. म्हणजे कोण करतो आणि कोणत्या रीतीनं करतो, खुद्द की वाट्यानं, हे लिहायची जागा. जमीन असणारा आणि जमीन करणारा ही दोन वेगळी माणसं असू शकतात, हे सरकारच्या कागदाला पूर्वी ठाऊक होतं. मी तो रकाना कितीतरी वेळ पाहत बसले.

आता पीकपाहणी मोबाईलवर होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मीच माझ्या मोबाईलवरून, मालकांना ओटीपी विचारून, त्यांच्या खात्यावर सोयाबीनची नोंद केली. रानात उभी राहून फोटो मी काढला. फोटोच्या कडेला माझी सावली आली आहे. माझं नाव मात्र त्या नोंदीत कुठेच नाही. आता शेतकरी ओळख क्रमांक आला आहे, तोही सातबाऱ्याला जोडलेला. म्हणजे पुढे जी जी मदत येईल ती या क्रमांकावर येईल, आणि करणारा माणूस यंत्रणेच्या नजरेतून कायमचा गळेल. कागदावर असताना निदान रकाना तरी होता.

माझी मुख्य मागणी हीच आहे. 'जमीन करणाऱ्याचे नाव' हा रकाना ई-पीक पाहणीत परत आणा. फक्त त्या हंगामापुरता. त्या नोंदीवरून कूळ लागणार नाही, वहिवाटीचा हक्क सांगता येणार नाही, तिचा उपयोग मदत, विमा आणि पीककर्ज एवढ्यापुरताच, असं कायद्यात स्वच्छ लिहा, म्हणजे मालक घाबरणार नाही. आंध्र प्रदेशानं २०१९ मध्ये असा कायदा केला. तिथे पीक करणाऱ्याला अकरा महिन्यांचं कार्ड मिळतं आणि मालकीला धक्का लागत नाही. त्या कायद्यात मालकाची सही सक्तीची ठेवली, म्हणून तिथेही पुष्कळजण बाहेरच राहिले. ती चूक आपण करू नये. मालक सही देत असेल तर उत्तम. देत नसेल तर लगतच्या चार शेतकऱ्यांचे जबाब घ्या आणि यादी ग्रामसभेत वाचून दाखवा. कोणतं रान कोण करतो हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. खोटं बोलणारा ग्रामसभेत उभा राहून खोटं बोलू शकत नाही, कार्यालयात बोलू शकतो.

मदत करणाऱ्याला दिली तर मालकावर अन्याय होईल का? जमीन खरडली, विहीर बुजली, बांध फुटला, तर ते मालकाचं नुकसान आहे आणि त्याचे पैसे त्यालाच मिळावेत. पीक ज्याचं त्याला पिकाचे. निम्म्या बटईत दोघांचा खर्च असतो, तिथे दोघांना निम्मे. हे वाटे आम्ही खळ्यावर दरवर्षी करतोच, त्यासाठी कधी वकील लागला नाही.

जनावरांबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे. ते माझं काम आहे, आणि या विषयावर बोलणारे फार थोडे.

निकषात दुधाळ म्हशीला-गायीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,०००, कोंबडीला १००. सापडलेल्या म्हशीचं शवविच्छेदन झालं, दाखला मिळाला, ३७,५०० रुपये मिळाले. तिच्यासारखी पंढरपुरी म्हैस आज बाजारात ऐंशी-नव्वद हजारांच्या खाली मिळत नाही, पण मिळाले ते मिळाले. दुसऱ्या म्हशीच्या आणि सहा शेळ्यांच्या पंचनाम्यावर लिहिलंय, 'मृत शरीर आढळून आले नाही'. निकषाच्या हिशेबानंही ते साडेएकसष्ट हजार होतात. पुरात वाहून गेलेलं जनावर सापडत नाही, म्हणूनच त्याला वाहून गेलेलं म्हणतात. ते मेलं याचा पुरावा म्हणून त्याचं शरीर मागणं हे पुराला नियम लावण्यासारखं आहे.

पुरावा आहे, आणि तो तुमच्याच संगणकात आहे. माझ्या प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला होता, बारा अंकी. भारत पशुधन प्रणालीवर त्यांची नोंद आहे: जात, वय, मालक, लाळ्या-खुरकुताची लस कोणत्या तारखेला दिली. गावातल्या कितीतरी जनावरांच्या लसीकरणाला मी स्वतः डॉक्टरांबरोबर उभी राहिले आहे. बायका म्हणायच्या, कशाला कान टोचता बिचारीचा? मी सांगायचे, उद्या काही झालं तर सरकारला कळेल की ही तुझी होती. आता त्या माझ्याकडे पाहतात. पुरानंतर ठराविक दिवसांत ज्या बिल्ल्याचं जनावर गोठ्यात नाही, ज्याची विक्री नोंदलेली नाही, आणि गाव पूरग्रस्त म्हणून जाहीर आहे, ते जनावर वाहून गेलं असं धरा. शरीर मागू नका. ही ओळ नव्या निकषात आली तर कितीतरी घरांना आधार होईल.

शेळीच्या चार हजारांबद्दलही. उस्मानाबादी शेळी काळी, चकाकणारी, वर्ष-दीड वर्षात दोन वेळा व्यायला येते आणि पुष्कळदा जुळी देते. गाभण शेळी दहा-बारा हजारांना सहज जाते. गेलेल्या सहांपैकी चार गाभण होत्या. शेळी ही बाईची स्वतःची मालमत्ता असते. दागिना नवरा मोडू शकतो, जमीन दिराच्या नावावर असते, पण शेळी विकायची की ठेवायची हे घरात बाई ठरवते. मुलीच्या बारावीची फी दोन पाट (तरुण शेळ्या) विकून भरली होती. नर्सिंगला घालायचं ते या चौघींच्या करडांवर ठरलं होतं. चार हजारांत आज चांगलं करडूसुद्धा येत नाही. किंमत दरवर्षी बाजार समितीच्या जनावर बाजारातल्या दरावरून ठरवा, वय आणि गाभणपण धरून.

आमच्या गावच्या शिवारात त्या आठवड्यात एका मेंढपाळ जोडप्याचा वाडा, म्हणजे मेंढरांचा मुक्काम, होता. एका शेतकऱ्यानं खतासाठी रानात मेंढरं बसवली होती. पाणी चढलं तेव्हा दोघांनी लहान पोरांना बाभळीवर बसवलं आणि मेंढरं हाकलायला धावले. चाळीसच्या वर मेंढरं गेली. पंचनाम्याला ते इथं उभे राहिले तर त्यांना सांगितलं, तुमचा राहण्याचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला आहे, तिकडे जा. तिकडे गेले तर सांगितलं, घटना आमच्या हद्दीत घडलेली नाही. मी त्यांच्यासोबत अर्ज लिहून दिला, त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांच्याकडे सातबारा नाही, कधी नव्हता. त्यांच्या पिढ्या दुसऱ्यांच्या रानाला खत देत गेल्या. राज्यानं तीनच जनावरांना मदत ही अट काढून टाकली हे चांगलं केलं. केंद्राच्या निकषात शेळ्या-मेंढ्यांना कुटुंबामागे तीसची मर्यादा आहे, तिचाही विचार व्हावा. ज्याचा सगळा संसारच मेंढरांचा आहे त्याची एकतिसावी मेंढी काही कमी मेलेली नसते. आणि जिथे जनावर गेलं तिथेच पंचनामा व्हावा, पत्ता कुठलाही असो.

या सगळ्याला पैसा लागेल हे मला कळतं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५ टक्के असतात, आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तरच मदत, हे नियम काटकसरीसाठीच आहेत. पण मी जे मागते आहे त्यातल्या मोठ्या भागाला नवा रुपयाही लागत नाही. पिकाचे २९,६०० रुपये सरकार त्या चार एकरांना देतच आहे. ते कुणाच्या खात्यावर जावेत एवढाच प्रश्न आहे.

मागच्या आठवड्यात मालकांचा फोन आला होता. पुढच्या वर्षी रान करणार का, विचारत होते. त्यांना दुसरं गिऱ्हाईक आलेलं आहे, पण पहिला मान माझा म्हणाले. मी उत्तर दिलेलं नाही. पाडवा १९ मार्च २०२६ ला, तोवर अठ्ठेचाळीस हजार उभे करायचे. बचत गटाचं जुनं कर्ज फिटलेलं नाही. पुरातून वाचलेल्या तीन शेळ्यांपैकी एक आता व्यायला झाली आहे. नव्या निकषात करणाऱ्याच्या नावाला जागा असेल की नाही हे पाडव्याच्या आधी कळलं, तर मालकांना काय सांगायचं ते मला ठरवता येईल. माझ्या दुसऱ्या म्हशीच्या आणि सहा शेळ्यांच्या कानांतल्या बिल्ल्यांचे सात क्रमांक अर्जासोबत दिलेले आहेत. ते संगणकावर टाकून पाहावेत.

आपली,
सीनाकाठची एक शेतकरीण आणि पशुसखी
डिसेंबर २०२५